कार्ड धडधाकट, ड्रायव्हर बेपत्ता

सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९९८ साली ‘साउंड ब्लास्टर लाइव्ह’ नावाचे साउंड कार्ड बाजारात आणले. त्यावरची ईएमयू१०के१ ही चिप एका वेळी चौसष्ट आवाज स्वतःच्या बळावर वाजवू शके. मुख्य प्रोसेसरला त्यासाठी फारसे राबावे लागत नसे. त्या काळात ज्यांनी हौसेने घरचा कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, त्यांतल्या अनेकांच्या कॅबिनेटमध्ये हे किंवा याच्या भावंडांपैकी एखादे कार्ड असे. आज ते माळ्यावरच्या खोक्यात सापडले तर चालेल का? याचे उत्तर कार्डापेक्षा मशीनवर कोणती प्रणाली आहे यावर ठरते. ताज्या विंडोजसाठी कंपनीचा ड्रायव्हर नाही. लिनक्सवर मात्र कार्ड खोचले की ते बहुधा आपोआप ओळखले जाते.

तांब्याच्या रेषा आणि सिलिकॉन इतक्या लवकर मरत नाहीत. पंचवीस वर्षांत फार तर एखादा कपॅसिटर फुगतो आणि तो बदलता येतो. मरतो तो ड्रायव्हर. कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर कोणता आकडा लिहिला की काय घडते, हे प्रणालीला सांगणारा तो छोटासा प्रोग्राम असतो. तो कंपनीच्या कुलपात असेल तर कंपनीचा रस संपला त्या दिवशी कार्डही संपते. उघडा असेल तर पुढचे वापरणाऱ्यांच्या हाती राहते. हा प्रश्न हौशी मंडळींपुरता नाही. शाळा, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा, सरकारी कार्यालये जनतेच्या पैशाने यंत्रसामग्री घेतात आणि खरेदीच्या कागदपत्रांत ड्रायव्हरचा सहसा उल्लेखही नसतो. तो असलाच पाहिजे.

जुने कार्ड जागे करण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे. आधी कार्डाच्या कडेची सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने घासून घ्यायची, कारण वर्षानुवर्षांत तिच्यावर मळाचा थर चढलेला असतो. या कार्डाला लागणारा पीसीआय स्लॉट आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर नसतो, म्हणून पीसीआय एक्स्प्रेसमध्ये बसणारे जोडकार्ड लागते. मशीन सुरू झाल्यावर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी समोर येते. साउंड ब्लास्टर लाइव्हच्या ओळीत ११०२:०००२ असा क्रमांक दिसतो. त्यातला पहिला भाग कंपनीचा, दुसरा चिपचा. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असलेल्या ड्रायव्हरजवळ अशा क्रमांकांची यादी असते. क्रमांक जुळला की तो कार्डाचा ताबा घेतो.

इतके होऊनही स्पीकर मुके राहू शकतात. मग ‘अल्सामिक्सर’ उघडायचा. तिथे उभ्या पट्ट्यांची लांबलचक रांग दिसते, त्यांतल्या काहींखाली ‘एमएम’ असे लिहिलेले, म्हणजे आवाज बंद. त्याच रांगेत ‘ॲनलॉग/डिजिटल आउटपुट जॅक’ नावाची एक कळ असते. ती चालू राहिली तर जॅकमधून डिजिटल संकेत बाहेर पडतो आणि साध्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. तिच्यावर जाऊन ‘एम’ दाबले की आवाज येतो. या एका कळीपायी कितीतरी चांगली कार्डे बाद समजून काढून ठेवली गेली असतील.

ड्रायव्हर आत काय करतो तेही पाहता येते, कारण त्याचा मजकूर कोणालाही वाचायला खुला आहे. या चिपला मेमरीचे पत्ते ३१ बिटांपर्यंतच कळतात, म्हणजे पहिल्या २ जीबीपलीकडचे तिला काही दिसत नाही. १९९८ साली घरच्या मशीनमध्ये ६४ एमबी मेमरी म्हणजे चैन होती. या मर्यादेशी कधी गाठ पडेल असे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. आज १६ जीबीच्या मशीनमध्ये ड्रायव्हरने चिपला वरचा पत्ता दिला, तर ती तो वाचूच शकणार नाही. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये ही मर्यादा एका ओळीत नोंदलेली आहे. ती वाचून कर्नल या कार्डासाठी खालच्या भागातली मेमरी देतो आणि पाव शतकापूर्वीची चिप आजच्या मशीनमध्ये सुखाने नांदते.

याचे श्रेय खुद्द कंपनीच्या एका निर्णयालाही द्यायला हवे. १९९९ च्या अखेरीस क्रिएटिव्हने या कार्डाच्या लिनक्स ड्रायव्हरचा मजकूर जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली खुला केला. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलमध्ये तो होता. पुढे यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरने सुरू केलेल्या ‘अल्सा’ प्रकल्पात याच चिपसाठी नवा ड्रायव्हर तयार झाला. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या प्रणालींत आपापले ड्रायव्हर आले, आणि नेटबीएसडीच्या ड्रायव्हरवरून तो हायकू या छोट्या प्रणालीत पोहोचला. एकदा चिपची माहिती उघडी झाली की ती एका प्रणालीतून दुसरीत अशी पसरत जाते. २०२३ साली, कार्ड बाजारात येऊन पाव शतक झाल्यावर, लिनक्सच्या या ड्रायव्हरमध्ये दुरुस्त्यांची मोठी मालिका दाखल झाली. त्यासाठी कोणत्याही कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागली नाही.

त्याच कंपनीची विंडोजवरची हकिकत याच्या नेमकी उलट आहे. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली. तिने ध्वनीची सगळी रचना बदलली आणि क्रिएटिव्हच्याच ऑडिजी मालिकेतल्या कार्डांच्या ज्या सोयी आधीच्या एक्सपीवर चालत, त्यांतल्या काही व्हिस्टाच्या ड्रायव्हरमध्ये आल्याच नाहीत. ब्राझीलमधल्या एका हौशी प्रोग्रामरने कंपनीच्याच ड्रायव्हरमध्ये फेरफार करून त्या परत मिळवून दिल्या. मार्च २००८ मध्ये कंपनीने त्याला जाहीरपणे थांबायला सांगितले. कोणत्या कार्डाला कोणती सोय द्यायची हा आपला व्यावसायिक निर्णय आहे, अशी तिची भूमिका होती. ग्राहक इतके खवळले की कंपनीला नमते घ्यावे लागले. ड्रायव्हरमधल्या काही तंत्रांचे हक्क इतर कंपन्यांचे होते, ही तिची अडचण खरी होती. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे काय होणार हे अशा करारांवर ठरत असेल, तर ते करार ग्राहकाला खरेदीच्या वेळीच कळायला हवेत.

लिनक्सच्या घडणीतला एक नियम इथे फार मोलाचा ठरतो. कर्नलची आतली रचना सतत बदलत असते आणि जुनी रचना टिकवण्याची हमी कोणी देत नाही. ऐकताना वाटते, हे जुन्या कार्डांच्या मुळावरच येणार. प्रत्यक्षात जो ड्रायव्हर कर्नलच्या साठ्यात सामील आहे, तो नव्या रचनेला जुळवून देण्याची जबाबदारी रचना बदलणाऱ्यावर असते. म्हणून ज्याने ते कार्ड कधी पाहिलेही नाही असा माणूस त्याच्या ड्रायव्हरमधल्या चार ओळी नीट करून जातो. साठ्याबाहेर राहिलेल्या बंद ड्रायव्हरला असे कोणी वाली नसते. कंपनीने हात झटकले की तो पुढच्या आवृत्त्यांत कुठेतरी मोडतो आणि मोडलेलाच राहतो.

आयसा कार्डांचे प्रकरण अधिक किचकट. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीबरोबर आलेल्या या स्लॉटमध्ये कार्डाला स्वतःची ओळख सांगण्याची सोयच नव्हती. पत्ता, आयआरक्यू (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची ओळ) आणि डीएमए (मेमरीशी थेट देवघेवीची वाहिनी) हे आकडे कार्डावरच्या इवल्याशा जंपरनी ठरवायचे आणि मग तेच सॉफ्टवेअरला सांगायचे. साउंड ब्लास्टरचे २२०, ५ आणि १ हे आकडे त्या पिढीला तोंडपाठ असत. ड्रायव्हरने भलत्या पत्त्यावर चाचपणी केली तर दुसरेच कार्ड गोंधळून मशीन जागच्या जागी थिजू शके.

टीव्ही ट्यूनर कार्डांनी पीसीआयच्या काळातही असाच घोळ घातला. ब्रूकट्रीच्या बीटी८४८ आणि बीटी८७८ या चिपांवर जगभरच्या असंख्य कंपन्यांनी कार्डे काढली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, टीव्ही ट्यूनर कार्ड त्या काळी सहज मिळे. पण अनेक कार्डांवर निर्मात्याने ओळखक्रमांक भरण्याचे कष्टही घेतलेले नव्हते. लिनक्सच्या बीटीटीव्ही ड्रायव्हरसोबत म्हणूनच दीडशेहून अधिक कार्डांची क्रमांकवार यादी आहे. कार्ड ओळखले गेले नाही तर ‘कार्ड=’ पुढे एकेक आकडा घालून पाहायचा; चित्र आले पण आवाज नाही, तर पुढचा आकडा. ही यादी कोणा एका कंपनीची नाही. ज्याच्या हाती जे कार्ड आले त्याने त्यावरची जोडणी शोधून काढली आणि यादीत भर घातली.

मुंबईत ॲनलॉग केबल बंद करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ही होती. पुणे, नाशिक, नागपूर यांची ३१ मार्च २०१३. त्यानंतर ट्यूनर कार्डांना काही काम उरले नाही, असे कोणालाही वाटेल. झाले वेगळेच. कोनेक्संटच्या सीएक्स२३८८ मालिकेतल्या चिपा असलेल्या कार्डांसाठी ‘सीएक्सएडीसी’ नावाचा एक लिनक्स ड्रायव्हर लिहिला गेला होता. तो कार्डाला टीव्ही दाखवायला लावतच नाही. चिपचा जो भाग ॲनलॉग संकेताचे आकडे करतो, त्याच्याकडून तो सेकंदाला सुमारे २ कोटी ८६ लाख कच्चे आकडे थेट उचलतो. व्हीसीआर उघडून त्याच्या हेडकडून येणारा संकेत तारेने या कार्डाला द्यायचा, आकडे डिस्कवर उतरवायचे. पुढे त्यांचे चित्र करण्याचे काम ‘व्हीएचएस-डिकोड’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर करते. व्हीसीआरच्या जुन्या सर्किटांतून जाताना चित्राची जी हानी होते ती यात टळते. महाराष्ट्रातल्या कपाटांत लग्न-मुंजीच्या, स्नेहसंमेलनांच्या, नाटकांच्या प्रयोगांच्या कितीतरी व्हीएचएस कॅसेट पडून आहेत आणि त्यांच्या फिती वर्षागणिक खराब होत आहेत. त्या वाचवण्याचा एक उत्तम मार्ग भंगारात निघालेल्या ट्यूनर कार्डातून जातो. चिप बनवणाऱ्यांनी हा उपयोग योजलेला नव्हता; चिपशी थेट बोलता आले म्हणून तो सापडला.

दुसऱ्या टोकाला २००० च्या आसपासची डायल-अप मोडेम कार्डे आहेत. व्हीएसएनएलच्या इंटरनेट कनेक्शनसाठी घरोघरी बसवलेल्या स्वस्त पीसीआय मोडेमांपैकी पुष्कळांत मोडेमचे खरे काम कार्डावर होतच नसे. ते विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये घातलेले असे, म्हणून त्यांना ‘विनमोडेम’ म्हणत. ड्रायव्हर बंद, चिपची कागदपत्रेही बंद. लिनक्सवर त्यांतल्या थोड्यांसाठी अर्धेमुर्धे उपाय निघाले. एका चिपमालिकेच्या ड्रायव्हरची फुकट आवृत्ती तर ५६ के च्या मोडेमला १४.४ के वर अडवून ठेवी. त्या मोडेमांची बहुतेक कार्डे आज कोणत्याच चालू प्रणालीवर उपयोगाची नाहीत.

महाराष्ट्राच्या अंगणातही असेच एक कार्ड घडले आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ कार्डाच्या रूपाने आकाराला आले. स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले की डॉसवरचे इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. इंग्रजीसाठी लिहिलेल्या डेटाबेसमध्ये मराठी नावे भरता येणे ही तेव्हा मोठी गोष्ट होती. आज ते कार्ड चालवायचे तर आधी त्याला जुळणारे मशीन शोधावे लागेल. तरीही त्याच्या मदतीने साठवलेला मजकूर वाचता येतो, कारण अक्षरांना आकडे देण्याची ‘इस्की’ ही पद्धत १९९१ साली आयएस १३१९४ हे भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे, आणि आयसीयू या ओपन सोर्स संचात इस्कीचे युनिकोड करण्याची सोय आहे. त्याच काळात फाँटागणिक वेगळ्या, अप्रसिद्ध संकेतांत टाइप झालेल्या मजकुराची दैना जुन्या प्रकाशकांना चांगलीच ठाऊक आहे.

ओपन सोर्स म्हणजे अमरपट्टा नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. ३८६ प्रोसेसरचा आधार लिनक्सने २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला. आयबीएमच्या मायक्रोचॅनेल स्लॉटचा आणि टोकन रिंग कार्डांचा आधार २०१२ मध्येच गेला होता. २०१९ मध्ये फ्लॉपीचा ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने कळवले की आपल्याकडे चाचणीपुरतेही चालते यंत्र उरलेले नाही, आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने त्या ड्रायव्हरवर ‘अनाथ’ अशी नोंद केली. सुदैवाने लवकरच दुसऱ्या प्रोग्रामरने ते काम अंगावर घेतले. कोणी न पाहिलेला जुना कोड धोक्याचाही असतो. २०१५ मध्ये उघडकीस आलेले ‘व्हेनम’ हे सुरक्षेतले भगदाड क्यूएमू या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होते आणि ते २००४ पासून तिथेच होते. त्यामुळे प्रत्येक जुना ड्रायव्हर कायम ठेवा, असा हट्ट धरणे चूक ठरेल. मात्र कर्नलमधून काढलेला ड्रायव्हरही जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात जसाच्या तसा असतो. ज्याला खरी गरज आहे त्याला तो बाहेर काढून पुन्हा उभा करता येतो. बंद ड्रायव्हरच्या बाबतीत ती वाटच नसते.

‘ड्रायव्हर खुला केला तर प्रतिस्पर्धी आमची गुपिते चोरतील’, हा कंपन्यांचा ठरलेला आक्षेप आहे. पण मागणी त्याहून कमी ठेवता येते. चिपच्या कोणत्या पत्त्यावर काय लिहायचे एवढा दस्तऐवज मिळाला तरी बाकीचे काम इतर करू शकतात. एएमडीने २००७ मध्ये आपल्या रेडिऑन ग्राफिक्स चिपांची अशी कागदपत्रे खुली करायला सुरुवात केली. कंपनी त्याने बुडाली नाही, आणि २००२ च्या सुमाराच्या रेडिऑन कार्डांसाठीचा ओपन सोर्स ड्रायव्हर अलीकडच्या वर्षांतही सुधारत राहिला आहे.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत हाच प्रश्न थेट पैशाचा होतो. तापमान, दाब, कंपने मोजण्यासाठी घेतलेली डेटा ॲक्विझिशन कार्डे एखाद्या जुन्या विंडोज मशीनशी जखडलेली असतात. मशीन गेले की कार्डाची रवानगी डेडस्टॉक रजिस्टरात, आणि मग निर्लेखनाच्या प्रस्तावाची प्रतीक्षा. तैवानच्या ॲडव्हान्टेकच्या पीसीएल-८१२, पीसीएल-८१८ यांसारख्या जुन्या आयसा कार्डांपासून पीसीआय कार्डांपर्यंत अनेकांसाठी लिनक्समध्ये ‘कोमेडी’ हा ड्रायव्हरसंच आहे. कर्नलच्या ‘स्टेजिंग’ या उमेदवारीच्या विभागात बारा-एक वर्षे काढल्यावर २०२१ मध्ये, ५.१३ आवृत्तीत, तो रीतसर मुख्य साठ्यात आला. विद्यार्थ्यांसाठी याचा एक जास्तीचा लाभ आहे. कार्डाने आकडा कसा मोजला, हे त्यांना ड्रायव्हर उघडून ओळीओळीने पाहता येते.

धोरणांची वानवा नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण दुरुस्तीच्या हक्काची चर्चा बहुतांशी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि कारागिरांभोवती फिरते. ड्रायव्हर तिच्यात क्वचितच येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा संपली. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी मशीन्स कार्यालयांतून बाहेर निघतील तेव्हा त्यांना जोडलेली कार्डे, स्कॅनर आणि मापनयंत्रेही त्यांच्याबरोबर निघतील. त्यांतले किती खरोखर बिघडलेले आहे, हे तपासण्याची पद्धत आज नाही.

राज्य शासनाने निविदेच्या नमुन्यात एक कलम घालावे. उपकरणाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य साठ्यात असेल तर त्याला प्राधान्य मिळावे. नसेल तर विक्रेत्याने चिपची कागदपत्रे आणि ड्रायव्हरचा मजकूर तिऱ्हाईत संस्थेकडे ठेव म्हणून द्यावा, आणि कंपनीने सेवा थांबवली की ती ठेव सर्वांसाठी खुली व्हावी. ज्या विक्रेत्याला हे जमणार नाही त्याने सेवा किती वर्षे देणार ते लेखी द्यावे आणि किमतीची तुलना तेवढ्या वर्षांवर व्हावी. केरळने सरकारी शाळांतले कॉम्प्युटर लिनक्सवर आणून वर्षानुवर्षे चालवून दाखवले आहेत, तेव्हा हे सरकारी यंत्रणेला झेपणार नाही असे म्हणायला जागा नाही.

दुसरे काम तर शासननिर्णयाविनाही होईल. महाविद्यालयांनी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्याआधी डेडस्टॉकमधले प्रत्येक पीसीआय कार्ड एका मशीनमध्ये लावून त्याचा क्रमांक टिपावा, कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आहे का ते पाहावे आणि कार्ड चालते की नाही हे रजिस्टरात लिहावे. आयसा कार्डांसाठी त्या स्लॉटचे एक जुने मशीन जपून ठेवावे लागेल, ते बहुतेक विभागांत कुठेतरी असतेच. ड्रायव्हर नसलेल्या कार्डांची यादी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावी. एक पेनड्राइव्ह, त्यावर थेट चालणारी लिनक्सची प्रत आणि खोडरबर एवढ्या साहित्यावर हे काम याच सत्रात सुरू करता येईल.